पिवळ्या बोयावर चढण्याचे कारण

नाव: ओळखपत्राप्रमाणे, प्रत सोबत जोडली आहे. बंदरावर 'भोंगा' या नावाने ओळख.
वय: अठ्ठावन्न वर्षे
व्यवसाय: मासेमारी, स्वतःची बोट
पत्ता: बर्फाच्या कारखान्यामागील गल्ली, निळ्या दाराचे घर

पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, कोणाच्याही दबावाशिवाय सांगतो की,

मी वरील पत्त्यावर पत्नी आणि तिचा धाकटा भाऊ यांच्यासह राहतो. मला एक मुलगी आहे. ती समुद्र-निरीक्षण केंद्रात नोकरीला असून नोकरीच्याच शहरात राहते. मला भोंगा म्हणतात ते आवाजामुळे. इंजिन चालू असतानाही माझे बोलणे शेजारच्या बोटीवर ऐकू जाते. मेहुण्याला बंदरावर वकील म्हणतात. तो खरा वकील नाही, फक्त वाद घालतो. मागाहून घोटाळा नको म्हणून हे आधीच सांगितले.

केंद्राच्या तक्रारीवरून मला आज बोलावण्यात आले. बंदरापासून बोटीने तीन तासांवर केंद्राचा पिवळा बोया आहे, त्यावर मी चढलो आणि त्याचे वारा मोजायचे यंत्र मोडले, अशी तक्रार आहे. तक्रार खरी आहे. मी चढलो आणि माझ्याच हातून मोडले. मोडलेला तुकडा मी पिशवीत घालून आणला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला आहे. का चढलो असे विचारल्यावरून पुढील हकिकत सांगतो.

हा बोया म्हणजे दोन माणसांच्या उंचीचा तरंगता पिवळा डबा आहे, समुद्राच्या तळाला साखळीने बांधलेला. अंगावर सौरपट्ट्या आहेत. खाली पाण्यात लांब तार सोडलेली आहे, तिच्यावर ठिकठिकाणी पाण्याची उष्णता मोजायची यंत्रे आहेत. वर खांब, खांबावर वाऱ्याने फिरणाऱ्या वाट्या आणि सगळ्या दिशांना बघणारे कॅमेरे. लाट किती उंच, वारा किती, पाणी किती गरम हे तो उपग्रहामार्फत केंद्राला कळवतो आणि तेच आकडे रोज सकाळी बंदरावरच्या फलकावर लागतात. मुलगी नोकरीला लागली तेव्हा तिने जेवणाच्या टेबलावर पाण्याचा पेला उलटा ठेवून मला हे समजावले होते. "बाबा, तास भरला की फोटो निघतो. कोणी बोट बांधली तर आम्हाला खोलीत बसून दिसतं," असे ती म्हणाली. "म्हणजे आता बसल्या जागी बंदरभरच्या चुगल्या करणार तू," असे मी म्हणालो. त्यावर आम्ही दोघेही हसलो होतो.

बोयाला बोट बांधण्यास मनाई आहे. तरी बंदरातली प्रत्येक बोट कधी ना कधी तिथे दोर टाकते, कारण बोयाच्या सावलीला मासे जमतात. खालच्या तारेवर शेवाळ धरते, शेवाळाला बारके मासे येतात, बारक्यांच्या मागे मोठे. दोन वर्षांपूर्वी मीही दोर टाकला. त्या दिवशी केंद्रात माझी मुलगी कामावर होती. तिने बोट ओळखली आणि नियमाप्रमाणे वर कळवले. माझा परवाना एका हंगामापुरता बंद झाला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार तरी कुणाकडे करणार?

त्या दिवशी मी तिला फोनवर बोललो. काय बोललो असे साहेबांनी विचारले. ते लिहून घेऊ नये अशी मी विनंती केली, पण इतके लिहायला हरकत नाही की ते गल्लीनेही ऐकले. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. तिचा फोन रोज येतो, तो आईला येतो. पत्नी मुद्दाम फोनचा आवाज मोठा करून स्वयंपाकघरात बोलते आणि मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसतो. एकदा मुलीला खोकला झाला होता. फोन संपल्यावर मी पत्नीला म्हणालो, "उद्या विचार, खोकला गेला का." पत्नी म्हणाली, "अहो, मी काय टपालखातं आहे? तुम्हाला तोंड आहे ना? साऱ्या बंदराला ऐकू जातो तुमचा आवाज, पोरीलाच तेवढा जात नाही." सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, असेही ती पुढे म्हणाली. मी पान उलटले. खोकल्याचे पुढे काय झाले ते मला समजले नाही, कारण दुसऱ्या दिवशी फोन आला तेव्हा मी जाळे धुवायला गेलो होतो.

साहेबांनी मुद्द्याचे सांगा असे म्हटल्यावरून सांगतो की, परवाना परत मिळाल्यावर मी पुन्हा त्या बाजूला जाऊ लागलो. दोर टाकला नाही. मासेही तिथे धरले नाहीत. तास भरायच्या बेताला बोट बोयाजवळून सावकाश न्यायची आणि मी पुढे नाळेवर, म्हणजे बोटीच्या टोकाला, उभे राहायचे, इतकेच. पहिल्या वेळी मी हात हलवला नाही. हात हलवण्याइतका माझा राग गेलेला नव्हता. मी नुसता उभा राहिलो आणि फोटो निघाला असेल अशा अंदाजाने परत फिरलो.

दुसऱ्या वेळी मी इस्त्रीचा शर्ट घातला. मेहुणा म्हणाला, "भावोजी, मासे काय लग्नाला बोलावणारेत तुम्हाला?" मी त्याला तोंड बंद ठेवायला सांगितले. त्याने ते घरी बंद ठेवले, बोटीवर नाही. त्यानंतर मी काही ना काही दाखवायला नेऊ लागलो. बोटीवरच्या मांजरीला पिल्ले झाली तेव्हा टोपलीसकट ती वर धरली. घराला नवीन रंग दिला तेव्हा रंगाचा डबा दाखवला. डब्यावरून तिला काय कळणार, असे मेहुण्याने विचारले. मी डबा आणखी वर धरला.

मध्यंतरी माझा उजवा हात दोर ओढायच्या यंत्रात सापडला. पत्नीने फोनवर ते जरा वाढवूनच सांगितले आणि मुलगी फोनवर रडली. ते मी बाहेरच्या खोलीतून ऐकले. टाके निघाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी बोयाकडे गेलो आणि हात वर धरून पाचही बोटे हलवून दाखवली. मेहुणा म्हणाला, "अहो, तो फोटो काढतो, सिनेमा नाही. हात स्थिर धरा, नाहीतर पोरीला वाटेल बोटंच गेली." मग मी हात स्थिर धरला. दुखेपर्यंत धरला होता.

ती हे फोटो बघते की नाही हे मला माहीत नव्हते. त्या खोलीत ती एकटीच बसत नाही, पाळीने माणसे बसतात. तिची पाळी कधी ते पत्नीच्या फोनवरून कानावर पडे, त्यावरून मी दिवस धरत असे. तरी समोरून काही यायची सोय नाही. माणसाशी भांडण असले तर तो निदान तोंड फिरवतो. बोया तोंडही फिरवत नाही आणि कुणाला उत्तरही देत नाही. घरी परतताना मला वाईट वाटत असे. हे साहेबांनी विचारलेले नाही, मी होऊन सांगितले आहे.

घटनेच्या दिवशी आम्ही सकाळी निघालो. जवळ गेल्यावर दिसले की खांबावर पक्षी बसून बसून आमच्या बाजूच्या कॅमेऱ्याची काच पार पांढरी झाली होती. आधीच्या खेपेला मी तिकडे पाहिले नव्हते, त्यामुळे काच कधीपासून तशी होती कोण जाणे. माझ्या मनात आले की मी इतके दिवस विष्ठेसमोर शर्ट घालून उभा होतो. मी मेहुण्याला बोट जवळ घ्यायला लावली, फडके आणि ब्रश घेऊन बोयावर उडी मारली आणि वर चढून काच पुसली. मेहुणा खालून ओरडत होता की हा गुन्हा आहे. या एका बाबतीत त्याचे वकिली ज्ञान बरोबर निघाले. काच स्वच्छ झाल्यावर मी वाकून आत पाहिले. तेवढ्यात लाट आली, बोया कलंडला आणि मी हाताला लागेल ते धरले. जे हाताला लागले ते वाऱ्याचे यंत्र होते. ते माझ्यासह खाली आले.

बोट मी त्या दिवशीही बांधली नाही. यंत्र मोडल्यामुळे फलकावर वाऱ्याचा आकडा आला नाही, त्याबद्दल बंदरातल्या सगळ्या बोटवाल्यांची मी माफी मागतो. झालेल्या नुकसानीची भरपाई करायला मी तयार आहे.

साहेबांनी विचारले की, केंद्राच्या तपासणीत माझे मागचे सगळे फोटो सापडले आहेत. बोट इतक्या जवळ आली तर कामावरच्या माणसाने लगेच कळवायचे असते. ते एकदाही कळवले गेले नाही आणि त्या प्रत्येक दिवशी माझी मुलगी कामावर होती. तिची चौकशी चालू असून नोकरी जाऊ शकते. यावर माझे काय म्हणणे आहे?

यावर सांगतो की, माझ्या मुलीला यातले काहीही माहीत नव्हते. मी डोक्यावर टोपी घालत असे. काच घाण होती. लांबून सगळ्या बोटी सारख्याच दिसतात. शिवाय ती लहानपणापासून विसराळू आहे आणि तिला लांबचे नीट दिसत नाही. तिने मला पाहिले नाही, आणि पाहिले असले तरी ओळखले नाही. तिच्याकडे यातला कोणताही दोष जात नाही. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे.

त्यावर साहेबांनी दाखवून दिले की, फोटो तासाला एकदाच निघतात, पण माझी बोट जवळ असताना दर मिनिटाला फोटो निघालेले आहेत. असे जादा फोटो आपोआप निघत नाहीत. केंद्रात बसलेल्या माणसाने मागवले तरच निघतात. मी म्हणालो की यंत्र आहे, बिघडत असेल, खाऱ्या हवेत काय टिकते? साहेब म्हणाले, तुमची बोट आली की बिघडते आणि गेली की दुरुस्त होते का? मी जादा फोटो एकूण किती आहेत असे विचारले. कशाला हवे आहे असे साहेबांनी विचारले. सहज, असे मी सांगितले. पुष्कळ आहेत असे ते म्हणाले.

मला ते फोटो दाखवण्यात आले. पिल्लांच्या टोपलीचे पाच-सहा निघाले. हाताचे त्याहून जास्त होते, त्यातल्या शेवटच्यात मी हात खाली घेऊन चोळतो आहे. मला वाटले होते तेव्हा कोणी बघत नव्हते. काच पुसल्यानंतरच्या फोटोत माझे एकट्याचे तोंड मावलेले आहे, फारच जवळून. हवालदार हसले. मीही हसलो. मी इतका म्हातारा दिसतो हे मला माहीत नव्हते. तो फोटो मी पुन्हा मागून घेतला आणि पाहिला.

त्यानंतर साहेबांनी सांगितले की माझ्या मुलीचा जबाब तिच्या शहरातल्या ठाण्यात काल झाला असून आज इथे आला आहे. त्यातला काही भाग त्यांनी मला वाचून दाखवला. तो असा: "फोटोतील व्यक्ती माझे वडील आहेत. मी त्यांना प्रत्येक वेळी पाहिले व ओळखले. जादा फोटो मी मागवले. नियमाप्रमाणे कळवायला हवे होते, ते मी कळवले नाही. दोन वर्षांपूर्वी कळवले होते. तेव्हापासून वडील माझ्याशी बोललेले नाहीत. पुन्हा कळवले असते तर त्यांनी तिथे येणेही बंद केले असते."

मला पाणी देण्यात आले. थोडा वेळ जबाब थांबवण्यात आला.

दोन्ही जबाब जुळत नाहीत, कोणता खरा धरायचा, असे साहेबांनी विचारले. तिचा खरा धरावा. मी वर दिलेली टोपीची, काचेची आणि विसराळूपणाची हकिकत खोटी आहे. ती विसराळू नाही. तिला लांबचे चांगले दिसते. तो मजकूर खोडावा असे मी म्हणालो. लिहिलेले खोडता येत नाही, पुढे लिहिता येते, असे साहेबांनी सांगितले. तर पुढे असे लिहावे की दोन वर्षांपूर्वी तिने केले ते बरोबर केले होते आणि मी फोनवर बोललो ते चूक होते. या वेळी तिने कळवले नाही त्याला कारण मी आहे, तेव्हा जी शिक्षा असेल ती मला द्यावी. नोकरीचा निर्णय केंद्राच्या हातात आहे, पोलिसांच्या नाही, हे मला समजावून सांगण्यात आले. तरी हा कागद केंद्राकडे पाठवावा.

आणखी काही सांगायचे आहे का, असे विचारण्यात आले. मी विचारले की तिचा जबाब झाला आहे, तर आता मी तिला फोन केला तर चालेल का. तुमचा जबाब पुरा होऊन सही झाल्यावर खुशाल करा, असे साहेब म्हणाले. सबब माझा जबाब इथेच पुरा करावा.

वरचा सगळा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी उभ्यानेच ऐकला, मध्ये कुठेही थांबवले नाही. मी सांगितले तसाच तो लिहिला आहे.

सही