भोंग्यावरचं पाणी

भोसरीतल्या दवाखान्यात एक जोडपं रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत होतं. नवऱ्याचं कमी झालेलं सोडियम वाढलं असलं तर घरी, नाहीतर पुन्हा खाटेवर.

"यशोदे, पाणी दे गं."

"सकाळपासून दोन ग्लास झाले. डॉक्टरांनी दिवसाला लिटरभरच सांगितलंय, आणि मिठाच्या गोळ्या."

"भट्टीवर तीस वर्षं दर भोंग्याला ग्लासभर प्यायलो. कंपनीचा नियमच होता. तवा न्हाई कमी झालं सोडियम?"

"तवा घामाच्या धारा लागायच्या. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी शेजारच्या कंपनीचा भोंगा वाजला की पंख्याखाली बसून पिताय!"

"सवय हाय."

"त्या सवयीपायी सोडियम उतरलं, अन् सोमवारी भ्रमात मला साहेब समजून हात जोडलेत. रजा मागत होतात."

"दिलीस का?"

"मी रडत होते, रजा कुठली देते?"

सिस्टर कागद घेऊन आल्या. "काकू, रिपोर्ट आला. एकशे एकतीस, बरंच वाढलंय. गोळ्या चालू ठेवा आणि काकांना घरी न्या."

"ऐकलंस ना? मग बसलीयस काय अशी? उचल पिशव्या!"

"सिस्टर, एक विचारू? गोळी अर्धीच दिली तर चालंल का? चार दिवस लई गोड बोलत होते हो."