सुपारीच्या आधी

प्रेमा : ...मंग मी काय शेजारीण हाय? आय हाय मी तुझी.

प्रतिक्षा : म्हणून तर जड जातंय, आये. शेजारणीला केव्हाच उडवून लावलं असतं.

प्रेमा : जयवंतीनं बघितला ना आपल्या होणाऱ्या सुनेला, कविताला, मंगळवारी, जव्हारच्या दवाखान्यात. रगत तपासायला देत बसलेली. आणि तिथंच माझी पोर नर्सिंग शिकते. तिच्या रगतात काय निघाला ते तुला ठावं नाय असा कसा होईल?

प्रतिक्षा : ठाऊक असो नाहीतर नसो, सांगणार नाही.

प्रेमा : रविवारी तुझ्या भावाची, रूपेशची सुपारी फोडायची, लगीन पक्का करायचा. त्याच्या रगतात तो सिकलसेल अर्धा हाय, त्यानंच घरी येऊन सांगितला. पोरीत पण अर्धा निघाला तर पोराबाळांना पुरा होतो. तूच शिकवला मला.

प्रतिक्षा : होतोच असं नाही. चारात एकाला होऊ शकतो.

प्रेमा : माझ्या चारातला एक गेला ना.

प्रतिक्षा : आये...

प्रेमा : हाडा दुखतात म्हणून वरडायचा जिव्या, माझ्या मांडीवर. भगताकडं नेला, कोंबडा दिला. दुखण्याचा नाव पण कुणी सांगितला नाय. आता नाव जाणणारी घरात हाय, तर ती तोंड शिवून बसलीय.

प्रतिक्षा : जिव्यासाठीच गेले मी नर्सिंगला. पण आज कविताचं बोलले, तर उद्या पाड्यावरची एक पोरगी तपासायला यायची नाही. न तपासता लग्नं लागतील आणि आणखी जिव्या जातील.

प्रेमा : घरातला घरात राहील.

प्रतिक्षा : जयवंतीमावशीनं बघितलेलं राहिलं का घरात?

प्रेमा : बरा, बोलू नको. मान तेवढी हलव.

प्रतिक्षा : परीक्षेत आला होता हा प्रश्न. रुग्णाची माहिती नातेवाइकांनी मागितली तर काय कराल? पाच ओळी लिहिल्या, दहातले नऊ मार्क पडले. पेपरात आई रडत नव्हती गं.

प्रेमा : कोण रडतं? नागली पाखडतेय, कोंडा डोळ्यात गेला. ...ती बघ, जीपमधून कोण उतरली?

(कविता अंगणात येते.)

कविता : मावशी, येऊ का?

प्रेमा : ये बाय. पण सुपारीच्या आधी तू या घरी?

कविता : रीत नाही, माहीत आहे. खोडाळ्याहून घरच्यांशी भांडूनच निघाले. मंगळवारी मी प्रतिक्षाला रूपेशचा रिपोर्ट विचारला होता.

प्रेमा : हिला? मंग काय बोलली?

कविता : काही नाही. इतका राग आला मला. एवढी मैत्रीण, आणि दगडासारखी उभी. मग घरी गेल्यावर वाटलं, म्हणजे माझंही ही कुणाला सांगायची नाही. तेव्हा धीर आला. म्हटलं, माझं मीच जाऊन सांगते.

प्रतिक्षा : कविता, तुझ्यावर बळजबरी नाही हं कुणाची.

कविता : असू दे. मावशी, माझ्या रक्तात सिकलसेल अर्धा आहे. मला त्याचा त्रास नाही, पण मुलांना जाऊ शकतो. रूपेशचं कळल्याशिवाय मला सुपारी नको. त्याच्यात असला तरी मी मोडेनच असं नाही. गरोदरपणी तपासता येतं म्हणतात. पण दोघांनी बसून ठरवायला हवं, डोळे झाकून नको. तुम्हाला राग आला असेल तर आत्ता परत जाते.

प्रेमा : राग कसला? एवढ्या लांबून आलीस. माझ्या वेळी मला हे कुणी सांगितला असता तर... रूपेशचा...

कविता : काय, मावशी?

प्रेमा : काय नाय. बस बाय, पाणी पी. तो येईल शेतावरून. त्याच्या रगताचा त्यालाच सांगू दे.