तीन मजल्यांवरची उडी

पेणच्या एसटी स्टँडवर हौसा रोह्याच्या गाडीची वाट बघत बसली होती. शेजारी एक पोरगी आणि तिची आत्या. पोरगी पाण्यात उड्या मारायच्या स्पर्धेला बँकॉकला गेली होती आणि आजच परत आली होती, एवढं हौसाला त्यांच्या बोलण्यावरून कळलं होतं.

“मृणाली, कितवा नंबर आला ते तरी सांग गो.”

“शेवटचा.”

“शेवटचा? असं काय झालं?”

“दुसऱ्या उडीला दहा मीटरवर उभी राहिले आणि पायच उचलेना. जिन्यानं खाली उतरले. त्या उडीला शून्य दिलं.”

“दहा मीटर म्हणजे केवढं?”

“तीन मजले.”

“अगो बाय! पण आधी मारल्यास ना तिथून?”

“शंभरदा. पाणी नीट दिसावं म्हणून वरून फवारे सोडतात, आत्या. तरी त्या दिवशी मला ते दिसेना.”

“तुझा बाबा, माझा दादा, तिकडं अष्टमी गावात पेढे आणून बसलाय. त्याला काय सांगशील?”

“झालं ते सांगीन.”

शेजारी हौसाला राहवेना.

“मग पुढं काय केलंस गो पोरी?”

“अजून तीन उड्या होत्या, मावशी. परत वर चढले.”

“आणि मारल्यास?”

“तिन्ही मारल्या. शेवटच्या उडीला पाणी उडालंच नाय. सुईसारखी आत गेले.”

“हे आधी सांग गो दादाला!” आत्या म्हणाली.

“नाय आत्या. जशा मारल्या तशा ओळीनंच सांगीन.”