नळ बंद नव्हता

खापरखेड्याच्या वीजकेंद्रात मी नवीनच लागलो होतो, तेव्हाची गोष्ट सांगतो. सत्तरच्या दशकातली. सलग तीन महिने रात्रपाळी मिळाली. लग्न व्हायचं होतं, कॉलनीतल्या खोलीत एकटाच. सकाळी येऊन पडायचो, तो थेट तीनला उठायचो. नागपूरला घरी गेलो की सगळ्यांना सांगायचो, आमची कॉलनी फार शांत आहे.

एक दिवस अंगात कणकण होती म्हणून अकरालाच जाग आली. खिडकी उघडली, तर खिडकीखालच्या सार्वजनिक नळावर कोणीच नाही. आणि शेजारच्या शांताकाकू ओल्या धुण्याची बादली घेऊन पार पाण्याच्या टाकीकडून चालत येत होत्या. त्यांच्यामागे आणखी चौघी. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं.

मी विचारलं, "काकू, हा नळ बंद आहे का?"

"नाही गा, चालू हाय."

"मग काहून एवढ्या दूर जाता?"

"इथं धुणं आपटलं तं तुह्या कानात आदळते. तू झोपून राहतो ना."

"कधीपासून जाता?"

"तू आला तवापासून. तुह्याआधी राहे तो पोरगाही रात्रपाळीचाच होता, त्याच्यासाठीही जात होतो."

तीन महिने पाच बायका माझ्यासाठी उन्हातून बादल्या वाहत होत्या, आणि मला पत्ता नव्हता. मी म्हणालो, "मले सांगाचं तरी, काकू."

त्यांनी बादली दुसऱ्या हातात घेतली.

"सांगतलं असतं, तं तुले झोप लागली असती का?"