आप्पांनी न मानलेला नकाशा

वहिनी, बापू, शाळेचे शिक्षक, आणि शिरूरहून दौंडला आलेली आमची मंडळी,

काल संध्याकाळी स्कॅनिंगवाल्या बाईंनी शाळेच्या छताला आतल्या सळ्या दाखवणारं मशीन लावून खात्री केली. दाट टाकलेल्या सळ्या खोलीच्या लांबीनं धावतात. त्या रुंदीनं हव्या होत्या. आप्पांचा संशय खरा निघाला, आणि ते सांगायला आप्पा नाहीत. म्हणून बोलणं जड जातंय. आणि छताचा भरवसा नाही, म्हणून आपण शाळेच्या हॉलमध्ये नाही, मंडपात बसलोय.

आप्पा इंजिनिअर होते, पण आधी संशयी होते. वहिनी बिनसाखरेचा चहा द्यायच्या, तरी चमच्यानं चाखायचे. वहिनी म्हणायच्या, "मी फसवीन व्हय तुमास्नी?" "तू न्हाई गं. डब्याचा भरवसा न्हाई."

शाळेत वरच्या मजल्यावर ग्रंथालय करायचं ठरलं. लोखंडी कपाटं वर, पाचवीचा वर्ग खाली. संस्थेचे अध्यक्ष आपले बापू. त्यांनी जुना नकाशा आणला. "आप्पा, शिक्का हाय, सही हाय. आता काय ऱ्हायलं?"

आप्पा नकाशावर वाकले. चारी बाजूंनी बीम असलेला स्लॅब लांबी-रुंदी दोन्ही दिशांना भार वाहतो. पण आखूड बाजूच्या सळ्या जास्त वाहतात, म्हणून त्या दाट आणि तळाला. आप्पा म्हणाले, "बापू, खोलीची मापं खोडून नवी लिहिलीत. सळ्यांवर मात्र कुठं खाडाखोड न्हाई. खोली वाढली, आखूड बाजू लांब झाली, आन् सळ्यांना कुणी सांगितलंच न्हाई?"

नकाशा मुळात संस्थेच्या शिरूरच्या इमारतीचा होता. इथं दौंडची जागा बघून खोल्या एकीकडं वाढवल्या. बाकी तसंच.

बापू म्हणाले, "इतकी वर्षं उभी हाय की." आप्पा म्हणाले, "कपाटं कवा हुती वर?"

मंडळी, आप्पांच्या हाताखाली इंजिनिअरिंग शिकलेला मी, एक सांगतो. तिरडी उठायच्या आधी एकानं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "कपाटं वर ठेवायला छत भक्कम आहे, असं पत्र आता तुम्हीच द्याल ना?" त्याला कुणी पाठवलं, मी विचारलं नाही. पण आप्पांबरोबर त्यांचा प्रश्नही सरणावर गेला, असं कुणाला वाटलं का? वाटलं असेल, तर ते इथंच बसले असतील. त्यांनीही ऐकावं. पत्र मी देणार नाही.

उद्या सकाळी वर्गात टेकू लागतील. पाचवीची मुलं शेडमध्ये बसतील. मग बीमलगत वरचं काँक्रीट फोडायचं. बीमजवळ स्लॅबला ताण वरच्या अंगाला येतो, म्हणून जुन्या पद्धतीत एकाआड एक सळी तिथं वाकवून वर नेत. नकाशात ती वाकलेली दिसते. आत आहे का, ते फोडल्यावर कळेल. तोवर एकही कपाट वर जाणार नाही. बापूंनी तसा शब्द दिलाय.

आप्पा, तुम्हाला शेवटचा नमस्कार. मंडळी, उठा, थोडा वेळ गप्प उभे राहू.

आणि बापू, शब्दाबद्दल आभार. सकाळी टेकू बघायला मी येतोय.