पावसाळी सवत

...आणि वर मलाच विचारतात, "केसांना लावतेस तरी काय गं?" काय लावणार? हाताला लागेल ते लावते! खोबरेल लावलं, करडईचं लावलं, एरंडेल लावलं तर सकाळी उशीच डोक्याबरोबर उठली, जास्वंदीचा पाला वाटून लावला, जवस उकळून त्याचं ते बुळबुळीत पाणी लावलं, दही लावलं तेव्हा तर मांजर माझ्या मागं मागं परसापर्यंत आलं... आणि केस? सकाळी चापूनचोपून बसवावेत, तेल थापून अंबाडा घालावा, आणि चूल फुंकून मान वर करेपर्यंत कपाळावर एक वेटोळं, कानामागं एक वेटोळं, मानेवर तर सगळी जत्राच. केस माझेच, पण ऐकतंय कोण?

तुम्हाला सांगते, मी माणदेशातली. दहिवडीच्या पलीकडं आमचं गाव. तिकडं ओल म्हणून काय असते ते फक्त रांजणाच्या बुडाला माहीत. हवा कोरडी, रान कोरडं, माणसं कोरडी, भाकरीचं तर विचारूच नका. तिथं माझे केस चांगले सरळ होते हो, जरा इकडंतिकडं वळण असेल, पण आईनं तेल घालून करकचून वेणी घातली की त्यांची काय बिशाद! अन् मला दिलं कुठं? चिंचवडला, पवनेच्या काठावर. दिलं तेही माघात, कडकडीत कोरड्या दिवसांत, म्हणजे पुढं काय वाढून ठेवलंय ते कुणाला दिसायला नको. नवरा बिजवर. नाव घ्यायचं नसतं, पण तुम्हाला कळायला पाहिजे म्हणून एकदाच घेते, दौलतराव. आता इथून पुढं 'हे'. पिंपरीला औषधाचा नवा कारखाना निघालाय ना, तिथं कामाला. भोंग्याला सायकलवर जायचं, भोंग्याला सायकलवर यायचं. माणूस चांगला, व्यसन नाही, हात उचलणं नाही... बोलणंही नाही. भाकरी हवी असली की ताटाकडं बघायचे, आणि मी ओळखायचं.

पहिली बायको दुर्गा. तापानं गेली बिचारी. लग्नात माझ्या गळ्यात मंगळसूत्र पडलं आणि त्याच्या शेजारी हा टाक पडला, बघा, हा चांदीचा, नखाएवढा. ही दुर्गा. दुसरेपणावर दिलेल्या बाईनं सवतीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे ती रागावत नाही, अशी रीत. नवं लुगडं आलं की आधी टाकाला दाखवायचं, मग आपण नेसायचं. हळदकुंकू आधी तिला, गोडाचा घास आधी तिला. म्हटलं, चला, मेलेलं माणूस खाऊन खाऊन किती खाणार. माझं त्याबद्दल काही म्हणणं नव्हतं. मला एवढंच वाटायचं की या घरात कुणीतरी एकदा मला 'मंजुळा' म्हणून हाक मारावी. सासूबाई म्हणायच्या 'धाकली'. आळी म्हणायची 'दौलतची दुसरी'. हे तर काहीच म्हणायचे नाहीत. माझं नाव माहेरच्या वेशीवरच राहिलं की काय, असं वाटायला लागलं होतं मला.

आणि आषाढ लागला.

आमच्या माणदेशात पाऊस पाहुण्यासारखा येतो, इथं तो घरजावयासारखा राहतो. मीठ पाझरलं, काडेपेटीतल्या काड्या मऊ पडल्या, वाळत घातलेलं लुगडं काढलं तेव्हाही ओलंच, वर कुबट वास... आणि केस. आधी फुगले. मग त्यांना वळणं पडायला लागली, मुळापासून टोकापर्यंत, नागमोडी. फणी घातली तर आणखी फुगले. आरशात बघितलं तर मधे एवढीशी मी आणि चहूबाजूंनी केस.

नेमकी त्याच वेळेला अंबुबाई विस्तव न्यायला आली. भिंतीपलीकडची शेजारीण, हिच्या चुलीत कधी विस्तव राहत नाही आणि पोटात कधी गोष्ट राहत नाही. दारात आली, मी पाठमोरी, केस मोकळे. तिच्या हातातलं खापर खाली. "अगं बया... दुर्गी!"

सासूबाई ओसरीवरनं धावत आल्या, बघितलं, आणि मटकन खाली बसल्या. "व्हय गं अंबू. तेच केस. तशीच वळणं. आली म्हनायची."

मी म्हटलं, "अहो आत्याबाई, दमट हवेनं झालंय हे."

"हवा?" अंबुबाई म्हणाली. "मग आमाला न्हाई का हवा? आमचं केस बघ की." आणि पदर मागं घेऊन दाखवले. आता तिच्या डोक्यावर मुळात होते किती, की हवेनं तरी काय करावं. "दुर्गीचं केस असंच हुतं. अख्ख्या चिंचवडात कुनाचं नव्हतं. ती गेली आन् आता हिच्या डोक्यावर उगवलं. हवा म्हनं." केस माझेच, पण ऐकतंय कोण?

मग उपाय. सासूबाईंनी शेगडीत ऊद टाकला, मला खाली वाकवलं आणि केसांत धूर धरला, भूत निघावं म्हणून. अंबुबाईचं म्हणणं, बाळंतिणीचे केस धुरावर वाळवतात तसे हे वाळतील आणि सरळ होतील. म्हणजे एकाच धुरात एक जण भूत काढतेय, दुसरी ओल काढतेय आणि मी मधे खोकतेय. खोकले की सासूबाई म्हणायच्या, "बघ, सोडत न्हाई." केस वाळले, हे खरं, छान वाळले, सुळसुळीत झाले, मी पडवीत येऊन जरा मोकळा श्वास घेतला... आणि परत वेटोळी, आधीपेक्षा जास्त. सासूबाई म्हणाल्या, "धूर संपायची वाट बघत हुती."

हसताय? हसा. मलाही हसूच येत होतं सुरुवातीला. मग एका दुपारी, आभाळ असं भरलेलं की भरदुपारी चिमणी लावायची वेळ, मी देवळीतली जुनी लाकडी फणी काढली. तिच्यात एक केस अडकलेला. लांब, काळा, नागमोडी. माझाच असणार म्हणून ओढून काढला, आणि मग ध्यानात आलं की ही फणी मी कधी वापरलेलीच नाही. माझा एक केस उपटला, दोन्ही तळहातावर ठेवून बघितले. तेवढ्यात दारातनं वारा आला, दोन्ही केस हलले, एकात एक गेले, आणि तुम्हाला सांगते, माझा कुठला अन् तिचा कुठला, मला सांगता येईना. त्या दिवसापासून सगळंच घसरलं... मी जात्यावर बसले की गुणगुणायला लागले, आधी गुणगुणत होते का मी? आठवेना. आमटीत गूळ जास्त पडायला लागला. आता माणदेशात आमटीत गूळ घालतं कोण? सासूबाईंनी एक घास घेतला, हात तसाच ताटात ठेवला आणि म्हणाल्या, "दुर्गीच्या हातची."

आणि त्या घाबरल्या. घाबरणारच! दुर्गाला कसं वागवलं होतं ते सगळ्या आळीला ठाऊक. ताजी भाकरी घरच्यांना, शिळी तिला. आमटीत गूळ जास्त घालती म्हणून गुळाच्या डब्याला कुलूप. तापानं फणफणली तरी "सोंग करती" म्हणून जात्यावर बसवलेली. ती आता परत आलेली, भर आषाढात, केसांसकट. दुसऱ्या दिवसापासून माझ्या ताटात गरम भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि संध्याकाळी पेलाभर दूध, तेही सासूबाई स्वतः आणून द्यायच्या, लांबूनच हात पुढं करून, "दुर्गे, घे गं बाई. जुनं काय मनात ठिवू नगंस."

मग मी काय करायचं होतं? मी दुर्गा नाही, मंजुळा आहे, असं म्हणायचं? म्हटलं की हो! पहिल्याच दिवशी म्हटलं. तर सासूबाई पेला माघारी न्यायला लागल्या. म्हटलं, थांबा... अहो, मीही माघापासून शिळ्या भाकरीवरच होते की. प्यायले. केस माझे, दूध तिचं, आणि भूक दोघींची.

आणि हे! एका संध्याकाळी भोंगा झाला, हे आले, सायकल भिंतीला लावली. मी चुलीपुढं पाठमोरी बसून केस शेकवत होते, सगळे पाठीवर मोकळे. पावलं दारातच थांबली. वळून बघते तर टोपीतनं पाणी गळतंय आणि हे नुसते बघतायत. लग्न झाल्यापासून ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं नव्हतं. आणि बोलले! "बांधू नकोस. राहू देत असेच." मग पाटावर बसले आणि जे सुटले... कारखान्यात औषधाची भुकटी कशी असते, ती किती नाजूक, जरा ओल लागली की गोळा होऊन बसते, म्हणून एका खोलीत हवासुद्धा वाळवून सोडतात. मी म्हटलं, हवा वाळवतात? कशावर, तारेवर? तर हसले. दुसऱ्या दिवशी पिंपरीच्या कॅम्पातल्या दुकानातनं कंगवा घेऊन आले, लांब लांब दातांचा. म्हणाले, "ओले असतानाच विंचरायचे. वाळल्यावर विंचरले की फुगतात. आधी टोकं सोडवायची, मग वर जायचं."

मी हरखले हो. आणि कंगवा हातात घेतला तेव्हा मनात आलं. वळणाचे केस कसे विंचरायचे हे ह्या पुरुषमाणसाला शिकवलं कुणी? तिनंच ना? मग काल संध्याकाळी हे बोलत होते ते कुणाशी? कंगवा आणला तो कुणासाठी? पुढं रोजच मी केस सोडून बसायची, हे बोलायचे, आणि मी आपल्याच घरात, आपल्याच नवऱ्याचं बोलणं चोरून ऐकत असल्यासारखी. शेवटी एकदा टाक मुठीत धरला आणि म्हटलं, "बाई गं, दूध तू घे, लोणी तू घे, सासू तर अख्खीच्या अख्खी घे, पण हे कुणाशी बोलतात तेवढं सांग." टाक गार लागला. पावसाळ्यात चांदी गारच असते म्हणा.

दसरा झाला, पाऊस सरला, थंडी पडली... आणि केस बसले. मुकाट. जवस नको, दही नको, काही नको. सासूबाईंनी निरखून निरखून बघितलं आणि अंबुबाईला म्हणाल्या, "गेली वाटतं," आणि त्याच दुपारी ताटात शिळी भाकरी, गुळाच्या डब्याला कुलूप. दुधाचं काही नाही हो, दूध गेलं तर गेलं. पण हे यायचे होते. हे माझे सरळ केस बघणार, आणि ताटाकडं बघून गप्प जेवणार, ह्या विचारानंच जीव घाबरा झाला.

तुम्ही म्हणाल, येडी आहे. मी न्हाणीत गेले आणि उकळत्या हंड्यावर डोकं धरून बसले. वरनं पदर, आत वाफ, एकेक बट बोटाला गुंडाळतेय, सोडतेय, परत गुंडाळतेय, आणि तोंडावरनं पाणी गळतंय ते वाफेचं की डोळ्यांतलं, तेही कळेना. लोकांच्या बायका सवतीचं भूत घालवायला गावोगाव फिरतात आणि मी तिला वाफ देऊन परत बोलावतेय.

आणि तेवढ्यात हे आले. शिफ्ट बदललेली, लवकर सुटलेले. न्हाणीच्या दारात उभे राहून म्हणाले, "काय चाललंय हे?"

आता लपवणार काय आणि कुठं? सगळं सांगून टाकलं. फणीतला केस सांगितला, आमटीतला गूळ सांगितला. म्हटलं, "तुम्हाला तीच हवी असेल तर मी रोज हंड्यावर बसेन. पण बोलणं बंद करू नका."

हे उंबऱ्यावर टेकले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "दुर्गीचे केस बारा महिने कुरळे असायचे," हे म्हणाले, "चैत्रातसुद्धा. पावसात वळतात आणि थंडीत बसतात ते तुझे. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"मग आत्याबाईंना सांगायचं नाही का?"

"सांगितलं असतं तर तुला दूध मिळालं असतं? दुर्गीला मिळालं नाही, तेव्हा मी आईपुढं तोंड उघडलं नाही. आता तिच्या नावानं तुला मिळतंय, म्हटलं मिळू दे."

म्हणजे माझ्याशीच बोलत होते, पहिल्यापासून! मी आपली वेड्यासारखी ओल्या केसांनी तशीच बसून राहिले. हे उठले, हंड्याखाली आणखी एक लाकूड सारलं आणि म्हणाले, "वाफ नीट लागू दे. आई देवळातनं यायची वेळ झाली."

तेव्हापासून हे असं चाललंय. बाहेर कडाक्याची थंडी, हवा खडखडीत कोरडी, आणि मी रोज हंड्यावर. सासूबाई येतात, "दुर्गे, दूध घेतीस का?" मी म्हणते, "घेते." सांगून बघितलं होतं ना एकदा! केस माझेच, पण ऐकतंय कोण? हे नुसते मिशीत हसतात. तक्रार करायला काही जागाच ठेवली नाही देवानं.

आणि परवा मी परसात केस मोकळे सोडून बसले होते, तर ह्यांनी मागनं हाक मारली. माझ्या नावानं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा, चांगली स्पष्ट, "मंजुळा." आणि तुम्हाला सांगते... मी ओ दिलीच नाही. मी आपली इकडंतिकडं बघत राहिले, की ही मंजुळा कोण, आणि आमच्या परसात आली कधी.