बालीची लाट आन् मी

या वयात मले सर्फिंग शिकायची हौस काऊन आली, ते मले नका विचारू, माझ्या बायकोले विचारा. बालीच्या सहलीत तिनंच शिकवणीत दोघाईची नावं टाकली. सर्फिंग म्हणजे लाटेवर फळी टाकायची आन् तिच्यावर उभं राहायचं. मी म्हटलं, "माधुरी, मी मार्कंड्याले वैनगंगेत पोहणारा माणूस. मले काय शिकवतात हे?"

पहिलीच लाट आली. बायको फळीवर उभी राहून थेट काठाले लागली. मी फळीच्या खाली. नाकातोंडात पाणी, डोळ्यांपुढं कुरखेड्याची म्हातारी माय. हातपाय मारत बोंबललो, "वाचवा! वाचवा!" सारा किनारा मजेत पाहून राह्यला होता, पण एक जण हलंल तर शपथ. मनात म्हटलं, परदेशातले लोक, माणुसकीच नाई.

शेवटी बायको आली. चालत आली. तिथंच मले समजाले पाहिजे होतं.

"अजी, काऊन बोंबलून राह्यले? उभे राहा नं!"

उभा राह्यलो. पाणी गुडघ्याएवढं.

शिकवणाऱ्या गुरुजीनं मात्र जोरात टाळ्या वाजवल्या. पूर्ण सहलीत मी समुद्रात उभा राह्यलो तो तेवढाच.